काचेचा पेपरवेट कुठला? लेबल लिहिण्याआधी चार गोष्टी बघा

जुन्या वस्तूंच्या धंद्यावरच्या आपल्या व्हिडिओच्या या लेखी नोट्स.

आधी माझी चूक सांगतो. दुकान नवीन होतं. जुन्या बाजारातून फुलाफुलांचा काचेचा पेपरवेट २,५०० रुपयांना घेतला. आत ‘१८४८’ आकडा दिसला आणि मी लेबल लावलं: ‘बाकारा, फ्रान्स’. ६,००० ला विकला. आठवड्यात गिऱ्हाईक परत आलं. म्हणाले, “आकडा आहे, पण ‘बी’ अक्षर कुठंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे परत दिले, पण तो माणूस पुन्हा दुकानात आला नाही.

तेव्हापासून मी याच क्रमाने बघतो.

१. तळ. जुन्या वस्तूच्या तळाला वापराचे बारीक ओरखडे असतात, वेगवेगळ्या दिशांचे. सगळे एकाच दिशेला असतील तर कुणीतरी घासून ‘जुनं’ केलंय, असा संशय घ्या. माझ्या पेपरवेटचं तसंच होतं.

२. काच. पांढऱ्या कागदावर ठेवा. बाकारा आणि सां लुई हे फ्रेंच कारखाने शिसं असलेली काच वापरत. ती स्वच्छ दिसते, हाताला जड लागते. १९३० च्या दशकापासून चीनमध्ये फ्रेंच नमुन्यांच्या नकला झाल्या. त्यांची काच बऱ्याचदा हलकी, पिवळसर-हिरवट असते.

३. आतली फुलं. रंगीत काचेची कांडी तापवून, ताणून बारीक करतात, तिचे तुकडे कापून रचतात आणि वर स्वच्छ काच चढवतात. याला मिलेफिओरी म्हणतात. कांडीतली नक्षी ही कारखान्याची ओळख. प्राण्यांच्या छोट्या आकृत्या बाकाराच्या प्रसिद्ध, तर गुलाब क्लिशीचा. पण गुलाब इतरांनीही केलाय, म्हणून एका फुलावर निकाल देऊ नका.

४. सही, सगळ्यात शेवटी. बाकाराच्या जुन्या तारखा मुख्यतः १८४६ ते १८४९ च्या, बहुधा ‘बी’ अक्षरासोबत. सां लुईचं ‘एसएल’. स्कॉटलंडच्या पॉल यसार्टचं ‘पीवाय’, पर्थशायरचं ‘पी’. पण जुनी तारीख नव्या काचेतही घालता येते. सही वरच्या तिन्ही गोष्टींशी जुळली तरच धरा.

आता धंद्याचा मुद्दा. चारही जुळले तर कारखान्याचं नाव लिहा. दोन-तीनच जुळले तर ‘फ्रेंच शैली, कारखाना नक्की नाही’ असं लिहा आणि भाव त्याच हिशोबाने लावा. आज थोडे कमी मिळतील, पण माल परत येणार नाही, आणि गिऱ्हाईक परत येईल!

गृहपाठ: दुकानातली एक जुनी वस्तू घ्या. तिच्या लेबलवरच्या प्रत्येक शब्दाला पुरावा काय, ते वहीत लिहा. पुरावा नसलेला शब्द आजच खोडा.