विमा आहे, भत्ता आहे; मग सोबत का नाही?

प्रश्न : माझी भाची जर्मनीत परिचारिका आहे. ती म्हणते, तिथल्या आजारी, गरीब माणसांना औषधं मिळतात, घरभाडंही मिळतं. पण त्यांच्याकडे महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही. सरकार एवढं करतं, तर असं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भाची खरं तेच सांगते आहे. तिथे नोकरदार आजारी पडला की पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. मग आजारविमा पगाराच्या साधारण ७० टक्के देतो. एका आजारासाठी तीन वर्षांत फार तर ७८ आठवडे. पुढे दिवसाला तीन तासही काम झेपत नसेल, तर निवृत्तिवेतन. तेही अपुरं पडलं तर सरकारी आधार. २०२५ साली एकट्या माणसासाठी ही रक्कम घरभाडं आणि हीटिंग वगळून महिना ५६३ युरो होती. जेवण, वीज, कपडे, फोन, बसभाडं सगळं त्यातच.

यात पोट भरतं, मैत्री परवडत नाही. नोकरीबरोबर सहकारी सुटलेले असतात. उरलेल्या गाठीभेटी बऱ्याचदा कॅफेत किंवा वर्गणी भरून चालणाऱ्या मंडळांत होतात, आणि ज्याचं बिल त्याने द्यायचं. दोनदा दुसऱ्याने पैसे भरले की तिसऱ्यांदा माणूस ‘बरं वाटत नाही’ म्हणून घरीच राहतो. शिवाय भेट आधी ठरवायची पद्धत. गुरुवारी अंगात त्राण असेल की नाही, हे रुग्णाला सोमवारी कसं कळावं? दोन भेटी रद्द झाल्या की तिसरं बोलावणं येत नाही. (‘सहज डोकावलो’ म्हणणारे आपल्या टॉवरांतही कमी झालेत, तेव्हा शेखी मिरवू नये.)

सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये एकाकीपणाविरुद्ध राष्ट्रीय धोरण मंजूर केलं. मला मात्र मारबुर्ग शहरात सुरू झालेली ‘कुल्टुअरलोगे’ अधिक शहाणी वाटते. नाटकांची, मैफलींची उरलेली तिकिटं तिथले स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांना फोन करून देतात. बहुधा दोन, म्हणजे सोबतीला कुणाला नेता येतं. गरिबीचा पुरावा नोंदणीच्या वेळीच. खिडकीवर फक्त नाव सांगायचं.

भाचीला एक सांगा. तिच्या रुग्णांपैकी कुणी साठीपुढचं असेल आणि नुसतं बोलायला माणूस हवं असेल, तर ‘झिल्बरनेट्झ’चा ०८०० ४७०८०९० हा क्रमांक जर्मनीत मोफत आहे, रोज सकाळी ८ ते रात्री १०.