शंका-समाधान : बातमीदाराला काय ‘कळले’?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत जुनी इंग्रजी कात्रणे सापडली. त्यांत ‘इट इज लर्न्ट’ असे वारंवार येते. ‘लर्न’ म्हणजे शिकणे, मग इथे कोण काय शिकला? आमच्या गावच्या 1991 च्या पुराची माहिती मी जमवतो आहे. मराठी पेपरांतले ‘असे कळते’ म्हणजे हेच का? अशी वाक्ये खरी धरावीत का?
— एक वाचक, मोवाड (ता. नरखेड)

उत्तर : शिकले कोणीच नाही. ‘लर्न’चा ‘खबर मिळणे’ हा अर्थ फार जुना आहे. शेक्सपिअरचे ‘मच अ‍ॅडू अबाउट नथिंग’ हे नाटक 1600 साली छापले गेले, त्याची सुरुवातच या अर्थाने होते. लिओनाटोच्या हाती पत्र आहे आणि डॉन पेद्रो आज रात्री मेसिनाला येणार, हे त्याला त्यातून कळले आहे. पत्रातून कळले, डोळ्यांनी पाहिले नाही. बातमीतही हे क्रियापद दुसऱ्याकडून आलेल्या माहितीलाच लागते.

‘असे कळते’ ही त्याची मराठी जोडी. इथे आपल्या भाषेची घडण मला फार मोलाची वाटते. ‘मी शिकतो’, पण ‘मला कळते’. तुमच्याकडे ‘मले कयलं’. शिकणे आपण करतो, कळणे आपल्यापर्यंत येते. बातमीत हा ‘मला’ गळतो आणि कोणाला कळले, कोणाकडून कळले, दोन्ही झाकले जाते. इंग्रजीला त्यासाठी कर्मणी प्रयोग करावा लागतो, मराठीत एक शब्द गाळला की काम होते. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये (6 जानेवारी 1832) मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत असे. दोन भाषांचे शब्द एकमेकांशी तोलून पाहणे आपल्या वृत्तपत्रांत तेव्हापासूनच आले. पुढे वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्या रात्रपाळीचे उपसंपादक मराठीत उतरवू लागले. ‘समजते’ हे त्यातल्या त्यात ‘अंडरस्टूड’ला जवळचे, पण घाईत दोन्हींची सरमिसळ होते. त्या फरकावर फार विसंबू नका.

आता तुमचे काम. पूर 30 जुलै 1991 चा. त्यानंतरच्या पहिल्या काही अंकांतली ‘कळते’ची वाक्ये टाकून देऊ नका, गावाबाहेर त्या दिवशी काय पोचले होते, याचा तो पुरावा आहे. घडले काय, याचा मात्र तो पुरावा नव्हे, आकड्यांच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. प्रत्येक कात्रणावर अंकाची तारीख लिहा. बातमीच्या आरंभी कोणत्या गावाचे नाव आहे तेही टिपा : मोवाड, काटोल की नागपूर? बातमीदार वर्धा नदीपासून किती दूर बसून लिहीत होता ते त्यावरून दिसेल. नंतरच्या अंकांत तीच माहिती नाव घेऊन कोणी सांगितली आहे का, ते पडताळा. गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलाल तेव्हा ‘मी पायलं’ आणि ‘मले कयलं’ यांसाठी वहीत दोन वेगळे रकाने ठेवा. ते स्वतःच हा फरक चोख करतात, तो लिहिताना पुसू देऊ नका.

प्रश्न : ‘लर्नेड’ आणि ‘लर्न्ड’ एकच का? — एक वाचक, जलालखेडा

उत्तर : अक्षरे तीच, उच्चार दोन. कोर्टाच्या बातमीत वकिलापुढे आले तर ‘लर्नेड’, म्हणजे विद्वान. क्रियापद असेल तर ‘लर्न्ड’, म्हणजे वरचेच ‘कळले’.