नाव पंखांना, आयुष्य पाण्यात

प्रश्न : दक्षिण अमेरिकेतल्या एका मेफ्लायच्या 'अपक्व अवस्थेचं प्रथमच वर्णन' झाल्याचं वाचनात आलं. ती जात मात्र कितीतरी वर्षांपूर्वीच नोंदलेली होती म्हणे. जात माहीत आहे, पण तिची पिल्लं माहीत नाहीत, असं कसं होतं? आणि एवढ्याशा किड्याच्या बालरूपाचं वर्णन करण्यात एवढं महत्त्वाचं काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : असं होतं, आणि मेफ्लायच्या बाबतीत तर फार वेळा होतं. तुम्ही 'बालरूप' म्हणता तेच खरं तर या किड्याचं जवळजवळ सगळं आयुष्य आहे. पंख फुटलेला मेफ्लाय काही खात नाही. त्याच्या तोंडाचे अवयव खुरटलेले असतात आणि अन्नमार्गात हवा भरलेली असते. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं, एवढंच त्याला करायचं असतं. त्यासाठी काही जातींना दोन-चार तास पुरतात, काहींना एक-दोन दिवस लागतात. त्याआधीचे महिने, थंड प्रदेशात कधी वर्षाहूनही जास्त काळ, तो पाण्याच्या तळाशी काढतो. या रूपाला निम्फ म्हणतात. निम्फ कल्ल्यांनी श्वास घेतो, शेवाळ खरवडतो, गाळ गाळून खातो, क्वचित शिकारही करतो आणि वाढताना जातीनुसार दहापासून पन्नासपर्यंत वेळा कात टाकतो. पाण्याबाहेर आल्यावर पंख फुटतात आणि मग हा किडा पुन्हा एकदा कात टाकतो. पंख आल्यानंतर कात टाकणारा आजच्या कीटकांतला हा एकमेव गट आहे.

आता नावाकडे वळू. ॲमेझॉन किंवा पाराना नदीच्या काठी रात्री दिवा लावला की कॅम्पसुरस या प्रजातीचे मेफ्लाय थव्यांनी त्यावर येतात. संग्राहकाला ते सहज मिळतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या संग्रहालयांकडे दक्षिण अमेरिकेतून गेले ते बहुतेक असेच पंखवाले, वाळवून टाचलेले नमुने. ए. ई. ईटन यांचा १८८३ ते १८८८ या काळात प्रसिद्ध झालेला मोठा ग्रंथ हा या अभ्यासाचा पाया मानला जातो. त्या काळापासून जाती ओळखायच्या त्या मुख्यतः पंखांच्या शिरांवरून आणि नराच्या जननांगावरून. निम्फच्या अंगावर यातलं काहीच पूर्ण तयार नसतं. त्याची ओळख कल्ले, जबडे आणि पायांवरून पटते, आणि प्रौढाला कल्लेही नसतात, चावणारे जबडेही नसतात. एकाच जिवाच्या दोन रूपांत ताडून पाहण्याजोगं इतकं थोडं उरतं, की एक अभ्यासक पंखवाल्याला नाव देतो, दुसरा नदीच्या तळातल्या निम्फला वेगळंच नाव देतो आणि दोन्ही नावं पुढे वर्षानुवर्षं चालत राहतात. दोन्ही एकच असल्याचं सिद्ध झालं, की प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार सहसा जुनं नाव टिकतं. कॅम्पसुरसच्या पुष्कळ जाती तर आजही फक्त प्रौढांवरूनच माहीत आहेत.

दोन्ही रूपं एकाच जातीची, हे सिद्ध करायची सर्वांत भरवशाची रीत जुनीच आहे : निम्फ पाळायचा. पाठीवरच्या पंखांच्या कळ्या काळ्या पडल्या की तो एक-दोन दिवसांत बाहेर येणार हे कळतं. असा निम्फ जाळीच्या लहानशा पिंजऱ्यात घालून त्याच्याच ओढ्यात ठेवतात, कारण वेगवान, थंड पाण्यातले निम्फ बादलीत लवकर मरतात. मेफ्लाय बाहेर पडला की त्याला आणि त्याने टाकलेल्या कातीला एकाच कुपीत, अल्कोहोलमध्ये ठेवायचं. ही रिकामी कात म्हणजे या कामातला सर्वांत मोलाचा पुरावा. कल्ल्यांचे ठसे, जबड्यांचे दात, नखांवरचे काटे असं सगळं तिच्यावर असतं, आणि तिचा मालक शेजारीच असतो. पाळणं जमलं नाही, तर अगदी पिकलेल्या नर निम्फची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली अलगद सोलतात. आत पुढच्या रूपाची जननांगं आणि घडी घातलेले पंख तयार असतात. अलीकडे डीएनएचा साधारण ६५० अक्षरांचा एक ठरलेला तुकडा दोन्ही नमुन्यांतून वाचून जुळवतात. त्याने काम सोपं झालं, तरी डीएनए जुळला म्हणजे वर्णन झालं असं नाही. ओढ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाला निम्फ डोळ्यांनी ओळखता यायला हवा, तर त्या वर्णनाचा उपयोग.

हे वर्णन वाचायला रुक्ष वाटतं, पण ते फार काळजीने केलेलं काम असतं. जबडे, ओठ, जीभ एकेक करून सुटे करतात, काचपट्टीवर बसवतात आणि प्रत्येकाचं चित्र काढतात. वरच्या ओठावर केसांच्या रांगा किती, नखावर दात किती आणि कोणत्या क्रमाने मोठे होत जातात, कल्ले पोटाच्या कोणत्या खंडांवर आहेत आणि कोणत्या आकाराचे, हे सगळं नोंदलं जातं. यातला प्रत्येक तपशील त्या किड्याच्या जगण्याबद्दल काही सांगतो. लेप्टोहायफिडी कुळातल्या निम्फांत कल्ल्यांची एक जोडी जाड होऊन मागच्या नाजूक कल्ल्यांवर झाकणासारखी बसते, म्हणून ते बारीक गाळातही तग धरतात. ॲस्थेनोपस हा ॲमेझॉन खोऱ्यातला निम्फ बुडालेल्या लाकडात आणि तरंगत्या वनस्पतींच्या देठांत जबड्यांनी बोगदे पाडून राहतो. चिलोपोर्टर हा पॅटागोनियाकडचा निम्फ मोठ्या जबड्यांनी इतर किडे पकडून खातो. पंखवाला चिलोपोर्टर हाती घेऊन पाहिला, तर तो कधी शिकारी होता अशी शंकाही येणार नाही.

मला यातलं सर्वांत विलक्षण उदाहरण वाटतं ते मर्फीएला नीडहॅमी या जातीचं. कॉर्नेल विद्यापीठातले जेम्स नीडहॅम आणि हेलन मर्फी यांनी १९२४ साली अमेरिका खंडाच्या उष्ण व दक्षिण भागातल्या मेफ्लायवर एक ग्रंथ लिहिला. पुढे १९३० मध्ये बेल्जियमच्या लेस्टाज यांनी या दोघांची नावं या किड्याला दिली. तो चिलीत आणि लगतच्या अर्जेंटिनात, थंड, खळाळत्या ओढ्यांत राहतो. मेफ्लायच्या निम्फची खूण कोणती, असं विचारलं तर अभ्यासक पहिल्यांदा पोटाच्या बाजूंवरचे कल्ले दाखवतील. मर्फीएलाच्या निम्फला पोटावर एकही कल्ला नाही. त्याचे जवळचे नातेवाईक न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात आहेत आणि त्यांचे कल्ले मात्र ठळक, ताठ आणि काटेरी आहेत. मधे अख्खा पॅसिफिक महासागर आहे, आणि काही तास जगणारा किडा तो ओलांडू शकत नाही. युटा विद्यापीठाचे जॉर्ज एडमंड्स आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी अशा नात्यांचा उलगडा गोंडवनाच्या साहाय्याने केला : दक्षिणेतले भूखंड एकमेकांना जोडलेले होते तेव्हाच या कुळांचे पूर्वज तिथे राहत होते. विचार करा, मर्फीएलाचा फक्त प्रौढ हाती असता तर कल्ले नसल्याची ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही आली नसती, कारण कल्ले कुठल्याच प्रौढाला नसतात.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे याचा उपयोग. नदी निरोगी आहे की नाही हे तपासणारा माणूस जाळं तळात घालतो आणि त्यात निम्फच येतात. कोलंबियाचे गॅब्रिएल रोल्डान यांनी १९८८ साली अँटिओकिया प्रांतातल्या जलचर किड्यांची मार्गदर्शिका लिहिली ती याच गरजेतून. पण नाव पंखवाल्याला दिलेलं असेल आणि निम्फचं वर्णन झालेलं नसेल, तर त्या माणसाला 'कॅम्पसुरसची एक जात' एवढ्यावर थांबावं लागतं. ब्राझीलच्या पारा राज्यात बटाटा नावाचं सरोवर आहे. १९७९ ते १९८९ या काळात बॉक्साइट धुतलेला चिखल त्यात सोडला जात होता. पुढे शास्त्रज्ञांनी तिथला तळ तपासला तेव्हा चिखलात बिळं करून तो वरखाली करणाऱ्या कॅम्पसुरसच्या निम्फांचा अभ्यास करावा लागला. अशा ठिकाणी नेमकी कोणती जात तग धरून आहे आणि कोणती नाहीशी झाली, हे सांगायचं तर निम्फची ओळख पक्की हवी. अर्जेंटिनातल्या तुकुमान शहरातले एदुआर्दो दोमिंगेझ, कार्लोस मोलिनेरी आणि त्यांचे सहकारी हे काम कितीतरी वर्षं करत आले आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या मेफ्लायवरचा त्यांचा ग्रंथ २००६ साली आला आणि त्यात प्रौढांइतकाच निम्फांचाही विचार आहे. 'अपक्व अवस्थेचं वर्णन' अशा शीर्षकाचे चार-सहा पानांचे लेख मला म्हणूनच मोठ्या शोधांइतके मोलाचे वाटतात.

भारतातल्याही कित्येक मेफ्लाय जाती आजवर एकाच रूपातून माहीत आहेत. तुम्ही साताऱ्याचे आहात, सह्याद्रीतले ओढे तुमच्या जवळ आहेत. पावसाळा ओसरल्यावर वाहत्या, स्वच्छ पाण्यातला एखादा दगड उलटून पाहा. त्याला चिकटलेला चपटा किडा दिसला, त्याच्या पोटाच्या बाजूंना हलणारे कल्ले, प्रत्येक पायाला एकच नख आणि मागे तीन (काहींना दोन) लांब शेपट्या असल्या, तर तो मेफ्लायचा निम्फ. फोटो काढा, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा, आणि दगड होता तसा, त्याच बाजूवर परत ठेवा.