खेळ बसलेल्यांचा

पोरी, यंदा नवरात्रात राजगडाखाली गुंजवण्यात ‘खेळ पैठणीचा’ तुझ्याकडे आलाय म्हणतेस, तर माईक हातात घ्यायच्या आधी देवळापुढचं पटांगण एकदा चप्पल काढून चालून ये. नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या कितीतरी बाया तिथं उभ्या राहणार. खडी, काटा, फुटकी बाटली, सगळं दुपारीच झाडून घे. त्यात उपास. भगर-साबुदाण्यावर दिवस काढलेल्या बाईला लिंबू-चमचा घेऊन पळवलीस आणि तिला भोवळ आली, तर पुढचा खेळ कोण बघणार? परतीचा पाऊसही आपल्या खोऱ्यात घट बसले म्हणून थांबत नाही. मंडपात बसल्याबसल्या होतील असे दोन खेळ गाठीशी असू देत.

आता खेळ निवडायचं. आदेश बांदेकरांचं ‘होम मिनिस्टर’ २००४ साली टीव्हीवर आलं, गावोगावचे पैठणीचे खेळ त्याच धर्तीवर चालतात. पण तिथं वहिनींच्या तोंडासमोर कॅमेरा असायचा, हाताची बोटंसुद्धा दिसायची. आपल्याकडे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला पुढच्यांची डोकी दिसतात, बाकी काही नाही. मिनिटात सुया ओवायचा खेळ टीव्हीवर रंगतो, पटांगणात पडतो. म्हणून प्रत्येक खेळाला एकच विचार: जी जागची उठणारच नाही, तिला यात काय काम?

भोंडल्याकडे बघ. पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि शेवटी खिरापत. झाकलेला डबा कानाशी हलवायचा, गोड की तिखट विचारायचं, मग ओळखायला सगळ्याच. पंचखाद्य खुळखुळतं, शिऱ्याचा आवाज येत नाही. हुशार पोर असेल तर डब्यात वाटी घालून चकवते. कुणी बाद होत नाही. जितकं चुकीचं सांगाल तितका हशा, आणि हरणारीच्या हातावरही खिरापत पडतेच. इतका नेटका रचलेला खेळ मी दुसरा पाहिला नाही. तू सुरुवात यानेच कर. डबा मागच्या रांगेपासून फिरव, पुढच्या रांगेपासून नको. पुढच्यांना सगळीकडे आधी मिळतंच.

मग तळ्यात-मळ्यात. फक्कीने मोठं रिंगण आख, येतील तेवढ्या सगळ्यांना घे. पुकारा संथ ठेव: तळ्यात, मळ्यात, तळ्यात. बायांच्या पायांना ताल लागला की ‘मळ्यात’ दोनदा म्हण. फसतात त्या दुसऱ्या ‘मळ्यात’ला. पण दर फेरीला दोघी-तिघीच जाऊ देत. सुरुवातीलाच झपाटा लावलास तर खेळ पाच मिनिटांत आटोपेल आणि उरलेली रात्र तुझ्या अंगावर येईल. बाद झालेलीला खाली बसवू नकोस, रेषेवर पंच म्हणून उभी कर. खेळताना गप्प असलेली बाई पंच झाली की कशी ओरडते ते बघच.

उखाण्याला मात्र जपून. नवऱ्याचंच नाव घे म्हणून हट्ट धरायचा नाही. ज्यांचा नवरा गेलाय, ज्यांना टाकलंय, त्या अशा वेळी चहाचं निमित्त करून घरी सटकतात. आईचं घे, गावाचं घे, राजगडाचं घे, असं सगळ्यांनाच सांग, म्हणजे कुणी एकटी पडत नाही. कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं परिपत्रक काढलं. कागद कपाटात राहतात. तू सोडतीची पहिली चिठ्ठी नवरा गेलेल्यांपैकी एकीला काढायला लाव, आणि तसं का केलंस ते माईकवर सांगत बसू नकोस.

शनिवार असेल तर चोर दरवाजाने राजगड चढायला आलेली पुण्या-मुंबईची पोरं कडेला मोबाईल धरून उभी राहतील. हाकलू नकोस, चित्रीकरणही करू देऊ नकोस. रस्सीखेचीचा दोर त्यांच्या हातात दे आणि समोर आपल्या भात लावणाऱ्या बाया उभ्या कर. निकाल मला आत्ताच माहीत आहे.

पैठणी सेमी असेल तर सेमीच म्हण. बाया पदर उलटून बघतात. हातमागाची येवल्याची पैठणी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, सेमीचे धागे मागे लोंबतात. खोटं पकडलं गेलं की पुढच्या वर्षी पटांगण रिकामं. त्यापेक्षा पैठणी एक आणि खेळायला उतरलेल्या प्रत्येकीला स्टीलची वाटी, हा हिशेब बरा.

साडी देणारे पुढारी भाषण ठोकणारच. पैठणी शेवटी ठेवून बायांना तोवर अडकवून ठेवायचा बेत ते सुचवतील. तू हसून मान हलव आणि पैठणी भाषणाआधी देऊन टाक. मग ज्यांना बोलायचंय ते बोलतील, ज्यांना जायचंय त्या जातील. पहाटे उठून धारा काढायच्या असतात.