शेळीचा आहार व मेंदूचा विकार

कळपातील धडधाकट शेळी एकाएकी बाजूला उभी राहते, मान ताणून आकाशाकडे पाहू लागते, भिंतीवर आदळते व एक-दोन दिवसांत आडवी पडते. अशा वेळी बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात मोलाचा वेळ जातो. वस्तुतः या विकाराचे मूळ पुष्कळदा गव्हाणीतच असते.

मेंदूला शक्ती मुख्यत्वे रक्तातील साखरेच्या ज्वलनातून मिळते. हे ज्वलन पूर्ण होण्यास 'ब-१' जीवनसत्त्व, म्हणजेच थायमिन, आवश्यक असते. पक्ष्यांवरील प्रयोगांतून याचा उलगडा झाला. जावा बेटात आइकमन या डच वैद्यांना १८९० नंतरच्या दशकात असे आढळले की, केवळ सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि तांदळाचा कोंडा दिल्यास त्या सुधारतात. पुढे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे पीटर्स यांनी कबुतरांचा अभ्यास केला. थायमिनच्या अभावी कबुतरांची मान मागे वळे व मेंदूत अम्ल साठे. त्या मेंदूचा अंश काचपात्रात घेऊन त्यात थायमिन मिसळताच तो पुन्हा नीट प्राणवायू घेऊ लागे. म्हणजे मेंदू मेलेला नसून अडलेला होता. वेळीच उपाय केल्यास तो सावरतो, हाच या प्रयोगांचा धडा होय.

शेळी, मेंढी, गाय व म्हैस यांना हे जीवनसत्त्व कोठीपोटातील सूक्ष्म जंतू तयार करून देतात. परंतु ज्वारी, बाजरी, मका, शिळ्या भाकरी किंवा लग्नघरचा उरलेला भात एकदम भरपूर खाण्यात आल्यास पोटात अम्ल वाढते. उपयुक्त जंतू मरतात व थायमिनचा नाश करणारे जंतू बळावतात. मग मेंदूला सूज येते, दृष्टी जाते व झटके येतात.

पशुपालकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. खुराकात बदल करणे झाल्यास तो दोन आठवड्यांत थोडाथोडा करावा.

२. वैरण व झाडपाला हाच मुख्य आहार ठेवावा. धान्याची पोती व उष्टे अन्न जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये.

३. वरील लक्षणे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे. थायमिनची सुई लवकर टोचल्यास बहुधा एका दिवसात सुधारणा दिसू लागते. उशीर झाल्यास मेंदूच्या पेशी मरतात व गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही.

४. पिसाळ रोगातही अशीच काही लक्षणे दिसतात. म्हणून आजारी जनावराच्या तोंडात हात घालू नये व त्याची लाळ अंगास लागू देऊ नये.

ग्रामसेवकांनी लग्नसराईच्या व सुगीच्या दिवसांत ही माहिती घरोघर सांगावी. शेळीवर ज्या कुटुंबाचा संसार चालतो, त्याला एक शेळी वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.