आधी स्पेक्ट्रो, मग ठिणगी

पल्सजेट, म्हणजे ठोक्याठोक्याने इंधन जाळून जोर देणारं इंजिन, फुटलं की दोष नेहमी बनवणाऱ्या पोरांच्या डोक्यावर येतो. डिझाईन चुकलं, गॅस जास्त सोडला, नसते उद्योग केले, असं सगळे म्हणतात. आमच्या इंजिनाबद्दलही ते वेल्ड करून देणारा फॅब्रिकेटर हेच सांगत फिरतो. त्याला उत्तर द्यायचंच आहे. पण हा छंद नव्याने धरणाऱ्यांनी तेच भोगू नये, म्हणून जास्त.

आमचं इंजिन लॉकवुड पद्धतीचं, झडपा नसलेलं, यू आकाराचं. दोन्ही तोंडं मागे, त्यामुळे दोन्हीकडचा जोर एकाच दिशेला मिळतो. फॅब्रिकेटरला दिलेल्या कागदावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या: ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, १६ गेज पत्रा, आणि आर्गन वेल्डिंग, तेही नळीच्या आतून आर्गन सोडून. बिलावर त्यानेच ‘एसएस ३०४’ लिहिलं आणि पैसेही ३०४ चेच घेतले.

माळावर नेऊन पेटवलं. ब्लोअर बाजूला घेतल्यावरही इंजिन स्वतःच्या दमावर गर्जत राहिलं, ज्वलनकक्ष लाल झाला. गॅस थोडा वाढवला आणि आवाजाचा सूर अचानक बसला. कक्ष आणि नळी जिथे जोडली होती तिथली शिवण उकलली होती. आडवी ज्वाळा बाहेर पडून थेट गॅसच्या होजकडे जात होती. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. इंजिन बंद पडलं तरी गॅस बंद होत नाही. धडधड थांबते, आग चालूच राहते. आमचा बॉल व्हॉल्व्ह इंजिनापासून लांब, सिलिंडरजवळ होता. पाव फेरा दिला आणि आग विझली. कुणाला इजा झाली नाही ती आम्ही घेतलेल्या काळजीमुळे, त्याच्या कामामुळे नव्हे.

फुटका तुकडा घेऊन त्याच्याकडे गेलो. मान वर न करता म्हणाला, “साहेब, तुम्ही त्यात जाळ घालताय, मग फुटणारच की.” पत्र्याच्या ग्रेडबद्दल विचारलं, तर खिशातून लोहचुंबक काढून लावलं. “चिकटतोय का? नाही ना? मग स्टेनलेसच आहे की हे.” शेजारी चहा पीत बसलेले दोघं हसले. वर ऐकवलं, “असल्या खेळण्याला तीनशे चार कशाला पाहिजे?” हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तीनशे चार पाहिजेच नव्हतं, तर बिलावर लिहिलं कशाला?

कोल्हापूर परिसरात फाउंड्र्या पुष्कळ, त्यामुळे स्पेक्ट्रो टेस्ट, म्हणजे धातूत काय किती आहे याची तपासणी, करून देणारी लॅब शोधावी लागत नाही. तुकडा दिला. ऑपरेटरने कागद हातात ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “हे ३०४ म्हणून कुणी दिलं?” ३०४ मध्ये निकेल किमान आठ टक्के लागतं आणि मँगनीज दोनच्या वर चालत नाही. आमच्या तुकड्यात निकेल चारच्या आसपास, मँगनीज आठच्या वर. म्हणजे सरळसरळ २०२ ग्रेडचं स्टेनलेस. तेही चुंबकाला सहसा चिकटत नाही, म्हणून तर ही फसवणूक खपते. शिवण आडवी कापून पाहिली, तर आतली बाजू काळी, दाणेदार, आणि जोड पत्र्याच्या अर्ध्या जाडीपर्यंतसुद्धा गेला नव्हता. आतून आर्गन सोडलाच नव्हता. रिपोर्ट दाखवल्यावर तो म्हणाला, “रिपोर्ट काय, कुणीही आणतो.” पैसे आजतागायत परत मिळालेले नाहीत.

काही जण मला समजावतात की जर्मनांनी साध्या पोलादी पत्र्याची इंजिनं बनवली होती, मग तू एवढा हट्ट का करतोस? जून १९४४ पासून लंडनवर पडलेल्या व्ही-१ बॉम्बवर आर्गसचं पल्सजेट होतं, हे खरं. पण ते इंजिन एकदाच उडायचं, अर्धा तासही चालायचं नाही, आणि शेवटी फुटण्यासाठीच पाठवलेलं होतं. आपण इंजिनाशेजारी उभे असतो, आणि तेच इंजिन पुन्हा पुन्हा लाल होतं, गार होतं.

म्हणून सांगतो:

पत्रा कापण्याआधी त्याच पत्र्याचा तुकडा स्वतः लॅबमध्ये न्या. चुंबकावर विसंबू नका. फिलर रॉड ३०८एल मागा आणि पाकीट डोळ्यांनी पाहा. वेल्डिंग चालू असताना तिथे उभे राहा. फॅब्रिकेटरला राग आला तर येऊ दे. जस्ताचा मुलामा असलेली जीआय नळी स्वस्त मिळते, ती अजिबात घेऊ नका. तापल्यावर तिचा धूर ताप आणतो.

घरगुती लाल सिलिंडर या कामाला वापरणं बेकायदा आहे. सिलिंडर उभाच ठेवा. जोरात गॅस ओढला की तो गार पडतो, दाब उतरतो. तेव्हा कोमट पाणी चालेल, आग कधीच नाही. बंद पडलेलं इंजिन लगेच पेटवू नका, आत गॅस साचलेला असतो. आधी ब्लोअरने हवा मारा. एलपीजी हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचते, म्हणून सखल जागा टाळा. ऊसतोडीनंतर पाचट पसरलेल्या रानात तर जाऊच नका.

कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही घाला. शेडमध्ये चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वस्तीपासून लांब जा, गावात आधी सांगा, एकट्याने करू नका. पावडरचं अग्निशामक जवळ ठेवा.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. उरलेले पैसे स्पेक्ट्रोचा कागद हातात आल्याशिवाय देऊ नका, आणि ही अट ऑर्डरच्या कागदावरच लिहून फॅब्रिकेटरची सही घ्या. चांगला कारागीर सही करायला कचरत नाही. जो कचरतो, त्याच्या दारातून तिथल्या तिथे परत फिरा.