हातच्याची वजाबाकी : सराव पाठांतून उमगलेले प्राथमिक शिक्षण

अध्यापक विद्यालयाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सराव पाठांना मध्यवर्ती स्थान असते. छात्राध्यापक नेमून दिलेल्या प्राथमिक शाळेत जातो, वर्गशिक्षकांचे अध्यापन पाहतो, पाठ टाचण काढतो, मार्गदर्शकांकडून ते तपासून घेतो आणि मग प्रत्यक्ष मुलांसमोर उभा राहतो. मागच्या बाकावर बसून मार्गदर्शक पाठाचे निरीक्षण नोंदवतात. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, फलकलेखन, संकलन, स्वाध्याय अशा पायऱ्यांनी पाठ पुढे सरकतो. या मांडणीच्या मुळाशी जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट याच्या अनुयायांनी रूढ केलेली पंचपदी आहे. नवशिक्या शिक्षकाला या चौकटीचा आधार वाटतो, आणि तो योग्यच आहे. तथापि पाठ चौकटीत बसला म्हणजे मूल शिकले असे होत नाही. या दोहोंमधील अंतर कसे ओळखावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रयोगशाळा म्हणून वर्ग

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना जॉन ड्युई तेथे प्राध्यापक होते आणि बाबासाहेबांनी त्यांची व्याख्याने ऐकली होती, हे आपणा सर्वांना ज्ञात आहे. याच ड्युईंनी १९०४ साली शिक्षक-प्रशिक्षणावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. सराव पाठांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी त्यांनी सांगितल्या. पहिली दृष्टी उमेदवारीची. कारागिराच्या हाताखाली उमेदवार जसा हत्यारे चालवायला शिकतो, तसा छात्राध्यापक वर्ग ताब्यात ठेवायला शिकतो. दुसरी दृष्टी प्रयोगशाळेची. तेथे छात्राध्यापकाने मुलाच्या मनात विचार कसा घडतो याचे निरीक्षण करावे आणि त्यावरून आपले अध्यापन तपासावे. केवळ पहिल्या दृष्टीने तयार झालेला शिक्षक शिस्तीत निपुण होतो. परंतु मुलाचे लक्ष खरोखर विषयात आहे की ते केवळ लक्ष दिल्यासारखे बसले आहे, हे त्याला ओळखता येत नाही.

घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याच्या डोंगरउतारावरील वस्तीतून जेथे मुले येतात, अशा एका महानगरपालिकेच्या शाळेत, इयत्ता तिसरीच्या वर्गावर माझे गणिताचे सराव पाठ झाले. मुंबईच्या उपनगरांत महानगरपालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा भरताना दिसतात. जिन्यावर अनेक भाषा कानी पडतात. अशा ठिकाणी प्रयोगशाळेची दृष्टी ठेवली तर रोज काही ना काही हाती लागते.

बेचाळीसमधून सतरा

पाठ हातच्याच्या वजाबाकीचा होता. फळ्यावर ४२ – १७ असे उदाहरण होते. योग्य उत्तर २५. वह्या तपासताना अनेक मुलांचे उत्तर ३५ आढळले. ही चूक हलगर्जीपणाची नव्हे. मुलांनी एककाच्या घरात ७ मधून २ वजा करून ५ लिहिले आणि दशकाच्या घरात ४ मधून १ वजा करून ३ लिहिले. ‘मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा’ हा आधी शिकवलेला नियम त्यांनी काटेकोरपणे पाळला होता. त्या नियमाची मर्यादा त्यांना कळलेली नव्हती, इतकेच. उत्तरावर नुसती लाल फुली मारली तर मुलाला एवढेच कळते की आपण चुकलो; आपल्या विचारात काय बरोबर होते आणि कोठे वाट चुकली हे कळत नाही.

दोनातून सात जात नाहीत म्हणून शेजारच्या दशकाकडून एक ‘उसना’ घ्यायचा, असे आपण सर्रास सांगतो. त्यावर वर्गातील एका मुलीने विचारले, “बाई, उसना घेतलेला परत कधी द्यायचा?” वर्ग हसला, पण प्रश्न अत्यंत शहाणपणाचा होता. ज्या घरी शेजारून उसनी आणलेली वाटीभर साखर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नेमाने परत जाते, त्या घरातील मुलीला उसने या शब्दाचा अर्थ शिक्षकापेक्षा अधिक स्पष्ट माहीत असतो. वास्तविक या पद्धतीत उसने काहीच घेतले जात नाही. दशकाचा एक गठ्ठा सुटा केला जातो. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या यांचे तीन गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या होतात. एकूण काड्या तेवढ्याच राहतात. मुलांच्या हाती काड्या आणि रबर देऊन गठ्ठा सोडायला लावले, तेव्हा ‘सुटा करणे’ हे शब्द त्यांनी आपणहून वापरले.

येथे पालकांनी ध्यानात घेण्यासारखी एक बाब आहे. जुन्या पिढीतील काही आजी-आजोबा हीच वजाबाकी निराळ्या रीतीने करतात. ते वरच्या दोनाचे बारा करतात आणि त्याच्या बदल्यात खालच्या दशकात एक मिळवतात. बारातून सात गेले, उरले पाच. एकाचे झाले दोन, चारातून दोन गेले, उरले दोन. दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळवले तर त्यांच्यातील फरक बदलत नाही, हे या रीतीमागील तत्त्व होय. या रीतीत वर घेतलेला एक खाली खरोखरच ‘परत’ दिला जातो. दोन्ही रीती बिनचूक आहेत. मात्र शाळेत एक आणि घरी दुसरी रीत, तीही कारण न सांगता शिकवली, तर मूल दोहोंची सरमिसळ करते. घरी शिकवताना ‘शाळेत कसे सांगितले ते आधी मला दाखव’ एवढे विचारले, तरी हा गोंधळ बराच टळतो.

रस्त्यावरील गणित

३५ उत्तर लिहिणाऱ्यांपैकी एक मुलगा संध्याकाळी आईच्या भाजीच्या गाडीवर बसत असे. त्याला तोंडी विचारले, “सतरा रुपयांची भाजी झाली. गिऱ्हाइकाने बेचाळीस रुपये दिले. परत किती देशील?” तो म्हणाला, “बेचाळीस कशाला देईल? वीसच देईल.” मग क्षणभर थांबून म्हणाला, “पंचवीस.” वहीत ३५ लिहिणारा आणि तोंडी पंचवीस सांगणारा मुलगा एकच होता.

हा अनुभव एकट्या घाटकोपरचा नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. बाजारात गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशोबांपैकी सुमारे ९८ टक्के उत्तरे मुलांनी बरोबर दिली. त्याच प्रकारचे हिशोब शाब्दिक उदाहरणे म्हणून दिल्यावर बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ७४ टक्के झाले, आणि केवळ आकड्यांची उदाहरणे मांडल्यावर सुमारे ३७ टक्के. यावरून स्पष्ट होते की जे मूल वर्गात ‘कच्चे’ ठरते, त्याच्याजवळ गणित नसतेच असे नाही. त्याचे गणित आणि शाळेचे गणित यांच्यात पूल बांधलेला नसतो. तो बांधणे हे शिक्षकाचे काम आहे.

संख्यानामे आणि घरची बोली

या पुलाच्या वाटेत भाषाही येते. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी उच्चारले जातात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी येतो. त्यामुळे काही मुले ३६ लिहून मोकळी होतात. ‘एकोणसाठ’ ऐकले की पेन्सिल साठीकडे वळते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचण समोर ठेवूनच त्या बदलाचे समर्थन केले होते. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न वेगळा. परंतु अडचण खरी आहे. वर्गात दोन्ही वाचने शेजारी-शेजारी फळ्यावर लिहिली, की मुले चटकन सावरतात.

बोलीचेही तसेच. वऱ्हाडातून आलेले मूल ‘मले समजलं नाही’ म्हणते आणि बाकीची मुले हसतात. त्या हसण्यानंतर ते मूल पुन्हा ‘समजलं नाही’ असे म्हणत नाही. म्हणजेच शिकण्याचे सर्वांत मोलाचे वाक्य ते गमावून बसते. आपल्या वसतिगृहात विदर्भ, मराठवाडा, कोकण अशा सर्व भागांतील मुले एका पंगतीत जेवली. त्यामुळे या हसण्याची धार आपल्यापैकी अनेकांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. प्रमाण भाषा शिकवावीच. पण ती घरच्या बोलीशेजारी बसवावी, तिच्या जागी नव्हे.

तीन सेकंद

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो? अमेरिकन संशोधिका मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून दाखवले की शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. तो अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांब होतात, ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी होतात आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात. सराव पाठात घड्याळाकडे आणि मागच्या बाकाकडे लक्ष असताना तीन सेकंद फार दीर्घ वाटतात. तरीही भाजीच्या गाडीवरील मुलाचे ‘पंचवीस’ त्या थांबण्यातूनच आले, हे विसरता येत नाही.

हे इतके महत्त्वाचे का?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठराच चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी मांडला. आज पटनोंदणीचे चित्र पालटले आहे. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत जागा दिली आहे. परंतु वर्गात बसूनही शिकण्यातून गळालेले मूल हजेरीपटावर दिसत नाही. तिसरीत ३५ लिहिणारे आणि ‘मठ्ठ’ हा शिक्का घेऊन पुढच्या वर्गात ढकलले गेलेले मूल पुढे भागाकारात, मग अपूर्णांकात अडते आणि अखेर गणित आपल्यासाठी नाहीच अशी त्याची समजूत होते. त्या ब्याऐंशींची ही आजची आवृत्ती होय.

म्हणून समाजातील ज्या तरुण-तरुणी अध्यापनाच्या वाटेवर आहेत, त्यांनी पाठ टाचणाच्या वहीशेजारी आणखी एक साधी वही ठेवावी. रोज एका मुलाचे एक चुकलेले उत्तर तीत उतरवावे आणि त्याखाली लिहावे : या उत्तरापर्यंत मूल कोणत्या विचाराने आले असेल? दुसऱ्या दिवशी मुलालाच विचारून तो अंदाज पडताळावा. पालकांनीही वहीतील फुली पाहून रागावण्याआधी ‘हे तू कसे केलेस?’ असे विचारून तीन सेकंद थांबावे. उत्तर ऐकल्यावर पुढे काय शिकवायचे ते मूलच सांगते.